आधी केबल हलवा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. जुन्या केबली आणि किस्से. दोन्हींतलं काही टाकवत नाही, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही ना! आमचं दुकान बंद झालं तेव्हा केबलींचा खोका भंगारात गेला. किस्से मात्र माझ्याकडेच राहिले. चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "वैशाली, तो गुरुजींचा सांग ना."

तो शेवटी सांगेन. एका भल्या माणसाची बढती त्या दिवशी माझ्या दोन बोटांवर टांगलेली होती. अजूनही सांगायला लागले की मनगटात कळ येते. आधी बाकीचे ऐका, म्हणजे तो नीट कळेल.

दुकान नाशिकच्या द्वारका चौकात, गाड्यांच्या स्पेअर पार्टवाल्याच्या वरच्या मजल्यावर. मालक बोरसे सर, मूळचे सटाण्याकडचे. दुसरे मुश्ताकभाई, सोल्डरिंगमध्ये त्यांचा हात धरणारं अख्ख्या नाशकात कोणी नव्हतं. तिसरी मी, डिप्लोमा करून नुकतीच चिकटलेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला घेताना सर म्हणाले, "हे बघ, आपलं निम्मं काम टेबलाखाली असतं. जमेल?" मी म्हटलं, "जमेल." झाला इंटरव्ह्यू!

सरांचा नियम एकच. स्क्रीनवर सावली पडो, रंग जावो, चित्र थरथरो, आधी मॉनिटरची केबल हलवून बघायची. त्याच्या आत "मॉनिटर गेला" असं कोणी बोललं की सर असे बघायचे, जसं काही घरातलंच कोणी गेलंय! संध्याकाळी परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "केबल हलवली होती का?"

*

माझा पहिलाच कॉल. नाशिक रोडला लग्नपत्रिका बनवणारे एक गृहस्थ. दारात मला बघितलं आणि माझ्या मागे बघायला लागले.

"इंजिनिअर कुठंय?"

"मीच."

"हो, ते ठीक आहे. पण इंजिनिअर?"

आत वातावरण तापलेलं. नवरीमुलीचे वडील खुर्चीत ताठ बसून होते. पत्रिका त्याच दिवशी छापायला जायला हवी होती, आणि स्क्रीनवर प्रत्येक अक्षराच्या शेजारी त्याच अक्षराची फिकट सावली! नवरी दोनदा, नवरदेव दोनदा, मुहूर्तसुद्धा दोनदा. काना कुठला आणि सावली कुठली तेच कळत नव्हतं. गृहस्थांचं फाँट बदलून झालं होतं, चष्मा पुसून झाला होता, ऑपरेटरला शिव्या देऊन झाल्या होत्या.

मी टेबलाखाली शिरले आणि केबल धरून तिच्या मागे मागे निघाले. ती टेबलावरून भिंतीला, भिंतीवरून दाराबाहेर, पॅसेजमधून थेट आतल्या खोलीत! एकाला एक स्वस्तातल्या केबली जोडत लांबवलेली. कीबोर्डची वायरही तशीच. टोकाला, देव्हाऱ्याच्या शेजारी, सीपीयू.

"हा इथे का ठेवलाय?"

"वास्तुवाल्यांनी सांगितलंय. सीपीयू म्हणजे अग्नी. तो आग्नेयलाच पाहिजे."

मी सांगितलं, एवढ्या लांबून चित्र आणलं की सावली पडणारच. सीपीयू बाहेर आणा. ते म्हणाले, "तो हलणार नाही!" मुलीचे वडील उठून उभे राहिले. "मग मी दुसरीकडे जातो!" माझा पहिला दिवस, पहिलं गिऱ्हाईक, आणि ते चप्पल घालायला लागलेलं. मी तिथूनच दुकानात फोन लावला.

मुश्ताकभाई शांतपणे म्हणाले, "बहन, सीपीयूला हातच नको लावू. टेबल उचल आणि त्याच्या बाजूला नेऊन ठेव."

टेबल आत गेलं, आखूड केबल लावली, सावली गायब! गृहस्थ मात्र कपाळाला हात लावून उभे. "पण हे टेबल इथे चालेल का हो? विचारायला पाहिजे."

मुलीचे वडील ओरडले, "ते मागून विचारा! आधी माझी पोरगी उजवू द्या!"

*

दसरा झाला की आमचा सीझन सुरू. दसऱ्याला मशिनची पूजा करतात, आणि कॉम्प्युटर म्हणजे मशिनच. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर आपट्याची पानं, आणि नारळ फोडायचा तोही कधी कधी टेबलाच्याच कडेवर! दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन खाली ठेवता यायचा नाही.

द्वारकेच्याच एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठकडे पूजा त्यांच्या वडिलांनी केली. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांना अर्धवट काही चालत नसे. पूर्वी ट्रकचं बॉनेट उघडून आत इंजिनाला कुंकू लावायचे, तसं यांनी मॉनिटरची केबल उपटली, सीपीयूच्या मागच्या प्रत्येक भोकाला ओलं हळदकुंकू लावलं आणि केबल परत खोचून दिली.

त्यांच्या प्रोग्रॅममध्ये काळ्या स्क्रीनवर गाड्यांची यादी यायची. वेळेवर असलेल्या गाड्या हिरव्या अक्षरात, उशीर झालेल्या लाल. दुसऱ्या दिवशी शेठनी स्क्रीन लावली तर सगळ्या हिरव्या! एक लाल नाही. "अण्णा, पूजा पावली!" म्हणून ऑफिसात पेढे वाटले गेले.

दुपारी फोन सुरू झाले. "शेठ, माझा माल कुठंय?" शेठ छातीठोकपणे म्हणाले, "तुमची गाडी उशिरा नाहीच!"

"मग आहे कुठे?"

शेठनी यादी खालपासून वर पाहिली. गाडी यादीतच नाही! दुसरा फोन, तिसरा फोन, त्याही गाड्या नाहीत. गाड्या चोरीला गेल्या असं त्यांच्या मनाने घेतलं. पोलीस स्टेशनला निघायला म्हणून शर्ट बदलत होते, तेवढ्यात त्यांच्या क्लार्कला सुचलं आणि त्याने मला बोलावलं.

मी केबल हलवली. मग काढलीच. भोकात कुंकवाचा वाळलेला लगदा! लाल, हिरवा आणि निळा, हे तीन रंग तीन वेगवेगळ्या पिनांतून स्क्रीनला जातात. त्यातली लालची वाट कुंकवाने बंद केली होती. लाल अक्षरं होती जागच्या जागी, पण काळ्यावर दिसत नव्हती. जिथे रिकामं दिसत होतं तिथे लाल होतं! एवढं ध्यानात ठेवा, गुरुजींच्या वेळी लागेल.

स्पिरिटने साफ करून केबल लावली. हिरव्यांच्या मधल्या रिकाम्या ओळी लालेलाल झाल्या. शेठ मटकन खाली बसले.

अण्णा माझ्यावरच डाफरले, "चांगल्या हिरव्या होत्या की गं पोरी! तू आलीस आणि सगळ्या लेट केल्यास!"

*

बोरसे सरांना टेन्शन आलं की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. सटाण्याला त्यांचे मेहुणे होते. त्यांची स्क्रीन सारखी लुकलुकायची. सर फोनवरून केबल बसवायला शिकवत होते.

"दोन्ही बाजूले स्क्रू शेतस ना? त्या घट्ट आवय!"

पलीकडून कण्हण्याचा आवाज. "आवया."

"आखो आवय!"

मग मोठ्ठा 'कड्' असा आवाज. आम्हालाही ऐकू आला. मुश्ताकभाईंनी सोल्डरिंग थांबवलं. सर घाबरत म्हणाले, "काय व्हयनं? घट्ट शे ना?"

मेहुणे म्हणाले, "घट्ट त शे भाऊ. पन आते ती काँप्युटरमा नही शे!"

पक्कडीने आवळलं होतं. केबलीबरोबर सॉकेटच उखडून हातात! सरांची बहीण त्यांच्याशी राखीपर्यंत बोलली नाही.

*

द्राक्षांचा सीझन. दिंडोरीकडच्या एका बागायतदारांचा फोन. "मॅडम, लय हालतंय ओ! आकडेच वाचायला येत नाय. कंटेनर दारात हुबा हाय!"

कागद निघाल्याशिवाय कंटेनर हलत नाही, आणि बंदरावरची बोट कोणासाठी थांबत नाही. मी पोचले तेव्हा ऑफिसात सगळे स्क्रीनला नाक लावून उभे. चित्र पाण्यात पडल्यासारखं डुलत होतं. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न. बागायतदार कंटेनरपासून स्क्रीनपर्यंत आणि स्क्रीनपासून कंटेनरपर्यंत येरझारा घालत होते.

केबल हलवायला गेले तर हलेचना! द्राक्षाच्या मांडवाची तार घेऊन कोणीतरी ती स्टॅबिलायझरला वेढे देऊन आवळून बांधली होती.

"हे कोणी केलं?"

"मीच ना! वेलाचा ओलांडा, आडवी फांदी ओ, मोकळा सोडला का वाऱ्यानं मोडतो. म्हटलं, हिलाबी बांधून टाकू."

स्टॅबिलायझरच्या अंगाला केबल गुंडाळली की चित्र डुलणारच. तार तोडली, केबल सोडवून लांब घेतली. चित्र जागच्या जागी उभं राहिलं! धडाधड कागद निघाले, कंटेनर निघाला. बागायतदार डोक्यावरची टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "म्हंजी हिला बांधायचं नाय?"

"नाही."

"आन् छाटणी कवा?"

मी वळून बघितलं. हसत होते लेकाचे! जाताना द्राक्षांची पेटी दिली.

*

एकदा सर म्हणाले, "तुम्हाला केबल कशी हलवायची तेच कळत नाही. चल, मी दाखवतो." कॉलेज रोडला एक रिटायर्ड साहेब होते. माणूस भयंकर तापट. स्क्रीन पिवळी दिसते म्हणून आधीच दोन मेकॅनिकना घरातून हाकललेलं. ते सरांच्या डोक्यावरच उभे राहिले. "काही बिघडलं तर जबाबदारी तुमची!"

सर म्हणाले, "साहेब, नुसती हलवतोय."

त्यांनी केबलला बोट लावलं आणि त्याच सेकंदाला भारनियमन सुरू झालं. अख्खी गल्ली गपगार!

"घालवलात!" साहेब कडाडले. "चांगला चालू होता, घालवलात!"

"अहो साहेब, लाइट गेलीय..."

आतून साहेबांच्या मिसेस ओरडल्या, "अहो, त्या माणसाला आवरा! त्याने माझा मिक्सर पण घालवला!"

*

आता गुरुजींचा.

सरकारी नोकरीतल्या लोकांना कॉम्प्युटरची परीक्षा द्यावी लागायला लागली ते दिवस. एका परीक्षा केंद्राच्या मशिनचं काम आमच्याकडे होतं, आणि परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये आमच्यापैकी कोणीतरी हजर लागायचं. त्या दिवशी मी होते.

पर्यवेक्षक गोसावी मॅडम. बाईंचा दरारा असा की खोकायच्या आधी लोक त्यांच्याकडे बघायचे! जरासा उशीर झालेल्या एका तलाठ्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. तो बाहेर गयावया करत होता आणि बाई आत शांतपणे हजेरी घेत होत्या.

खिडकीजवळच्या मशिनवर भोये गुरुजी. पेठच्याही पुढे डोंगरातल्या शाळेवरचे, पहिल्या एसटीने आलेले. परीक्षेच्या आधी बाहेर बाकावर बसून हवेतच माउस धरल्यासारखं बोट हलवत होते. मला म्हणाले, "ताई, तीनच संधी हायत. दोनदा नापास झालो. आज नाय झालं तर मुख्याध्यापकाची जागा गेली ती गेलीच. तेही एक वेळ जाऊ द्या. पण पोरांना काय सांगू? तुमचा मास्तर तीनदा नापास?" हसत म्हणाले, आणि परत हवेत बोट हलवायला लागले. मला फार वाईट वाटलं.

परीक्षा सुरू झाली. दार बंद. निम्मा वेळ गेला असेल नसेल, गुरुजींची स्क्रीन फडफडली आणि काळी झाली.

"ताई! गेलं!"

मी धावले, केबल हलवली. चित्र आलं. सोडली, गेलं. जुना मॉनिटर, त्याची केबल मॉनिटरमध्येच पक्की बसवलेली, बदलायची सोय नाही. प्लगपाशी आतल्या वायरी तुटत आलेल्या. चिकटपट्टी लावली, चित्र गेलं. दुसरा मॉनिटर दुकानात, आणि परीक्षा संपेपर्यंत दार उघडायचं नाही. दोन बोटांनी वरच्या बाजूला दाबून धरली तरच चित्र टिकत होतं, आणि तेही लाल रंग सोडून.

गोसावी मॅडम येऊन उभ्या राहिल्या. "नियम सरळ आहे. निकाल दिसायच्या आत स्क्रीन गेली तर ही संधी मोजली जात नाही. परीक्षा रद्द, नवीन तारीख. थांबवू का?"

गुरुजींनी हात जोडले. "मॅडम, थांबवू नका. लय पाठ केलंय. डोक्यात हाय तवर होऊ द्या! नवीन तारखेपर्यंत सगळं सांडून जाईल."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "धरून ठेवाल?"

"ठेवते."

"मग टेबलाखाली बसा. स्क्रीन तुम्हाला दिसता कामा नये. आणि काही झालं तरी सोडायची नाही!"

खाली शिरायच्या आधी मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "मॅडम, लाल काही दिसणार नाही हं." शेवटी काळ्या चौकटीत निकाल यायचा. पास हिरव्या अक्षरात, नापास लाल. मॅडमनी मान हलवली. गुरुजींना आम्ही हे सांगितलं नाही, बिचारे आधीच घाबरलेले.

मग टेबलाखाली मी आणि गुरुजींचे पाय. चपला बाजूला काढलेल्या, टाचांना भेगा. उत्तर येत असलं की पायाची बोटं वर व्हायची आणि लगेच माउसची टिकटिक. अडलं की एक पाय दुसऱ्यावर चढून बसायचा. सुरुवातीला बोटं सारखी वर होत होती. मी मनात म्हणत होते, चला गुरुजी, चला! माझ्या हाताला मुंग्या आल्या, खांदा भरून आला. नाकावर घाम आला तर पुसायला हात नाही. एकदा बोट घसरलं, वरची टिकटिक थांबली. मी जीव खाऊन परत दाबली.

"आलं ताई, आलं!"

"बोलायचं नाही!" मॅडम.

शेवटी शेवटी पाय एकावर एक चढले ते उतरेचनात. टिकटिक थांबून थांबून यायला लागली.

"वेळ संपली."

मॅडमच्या सँडल टेबलापाशी येऊन थांबल्या. गुरुजींनी शेवटचं क्लिक केलं. मला राहवेना. मी खालूनच विचारलं, "हिरवं दिसतंय का?"

मग गुरुजी हळूच म्हणाले, "नाव आलंय ताई. शाळेचं नावबी आलंय. पण निकालाच्या चौकटीत काहीच नाय. रिकामी हाय." जरा थांबून म्हणाले, "मॅडम, म्हणजे काय झालं?"

मला खाली बसून कळलं होतं. डोळ्यात पाणीच आलं. वर मॅडमनी पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. लिहिल्याचा आवाज काही आला नाही. मग टोपण परत लावल्याचा आवाज.

सँडल वळल्या. साडीचा काठ फरशीला लागला, आणि गोसावी मॅडम चक्क वाकून टेबलाखाली बघायला लागल्या. चेहरा नेहमीसारखाच, कडक.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हात दुखला असेल तुमचा. सोडा आता."

मी सोडली.

"अगं बाई!" मॅडम उभ्या राहून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "स्क्रीन गेली की हो गुरुजी! निकाल दिसायच्या आतच गेली!"